शब्दावर सुटलेल्यांचे राखणदार व त्यांचें निवृत्तिवेतन

सनदेंतील एका शब्दाच्या अर्थावर पिढ्यान् पिढ्यांचें उत्पन्न अवलंबून असतें, हें जुनीं दप्तरें चाळणारांस सांगावयास नको. अर्वाचीन कायद्यांतही हाच प्रकार आढळतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील त्याचें एक उदाहरण प्रस्तुत टिपणांत मांडण्याचें योजिलें आहे. प्रश्न असा : गुन्हेगारास तुरुंगांत न धाडतां देखरेखीखालीं मोकळा ठेवणारा प्रोबेशन अधिकारी, आणि मुदतीपूर्वीं सुटलेल्या कैद्यावर नजर ठेवणारा परोल अधिकारी, यांस पोलिसांच्या बरोबरीचें निवृत्तिवेतन असावें कीं नसावें ?

प्रथम शब्द पाहूं. प्रोबेशन हा लॅटिनोद्भव शब्द. त्याच्या मुळाशीं पारखण्याचा अर्थ आहे. परोल हा फ्रेंच; त्याचा अर्थ दिलेला शब्द, वचन. एकांत माणसाची परीक्षा, दुसऱ्यांत त्याच्या वचनावर विश्वास. बेडीचा वा भिंतीचा निर्देश दोहोंतही नाहीं.

या पेशाचा उगम बोस्टन शहरीं जॉन ऑगस्टस नांवाच्या जोडे करणाऱ्या गृहस्थापाशीं आहे. इ. स. १८४१ मध्यें त्यानें न्यायालयांत एका दारुड्यास जामीन राहून सोडविलें. तीन आठवड्यांनीं तो सुधारलेला दिसतांच न्यायाधीशानें केवळ एक सेंट दंड व खर्च घेऊन प्रकरण मिटविलें. १८५९ सालीं ऑगस्टस वारला, तोंवर सुमारें दोन हजार जणांस तो जामीन राहिला होता. सरकारी वेतन त्यास नव्हतेंच. मग निवृत्तिवेतन कोठलें? पुढें १८७८ च्या मॅसॅच्युसेट्सच्या कायद्यानें बोस्टनच्या नगराध्यक्षास वेतनी प्रोबेशन अधिकारी नेमण्याचा अधिकार दिला. त्या जागीं आलेला एडवर्ड सॅव्हेज हा त्याच शहराचा माजी पोलीस-प्रमुख होता ! दया व दंड यांची गांठ या पेशांत अशी आरंभींच पडली. मध्यवर्ती सरकारनें प्रोबेशनचा कायदा १९२५ सालीं केला, आणि १९३० च्या दुरुस्तीनें परोलवर सुटलेल्यांची देखरेखही याच अधिकाऱ्यांकडे सोंपविली.

आतां निवृत्तिवेतनाकडे वळूं. मध्यवर्ती नोकरांसाठीं सामान्य कायदा १९२० चा. १९४७ सालीं एफ. बी. आय. च्या तपासनीसांस २० वर्षांच्या सेवेनंतर वयाच्या ५० व्या वर्षीं निवृत्त होण्याची सवलत मिळाली. १९४८ मध्यें ती वाढवितांना कायद्यानें हुद्द्याचें नांव न धरतां काम धरलें : गुन्ह्याचा संशय असलेल्या किंवा गुन्हा शाबीत झालेल्या इसमांचा तपास, त्यांस पकडणें व अटकेंत ठेवणें हें ज्याचें मुख्य काम, तो पात्र. १९५६ सालीं कैद्यांशीं प्रत्यक्ष संबंध येणारे तुरुंगांतील नोकरही त्यांत आले. १९७४ च्या कायद्यानें पहिल्या २० वर्षांस दरसाल अडीच टक्के हा दर ठरला. म्हणजे २० वर्षांस सरासरी वेतनाचा निम्मा भाग. त्याच सेवेवर सामान्य नोकराचा हिशेब सव्वाछत्तीस टक्के होई. १९८६ च्या नव्या पद्धतींत हे आंकडे उतरून अनुक्रमें ३४ व २० टक्के झाले, तरी अंतर राहिलेंच.

येथें शुक्रनीतीची आठवण होते. त्या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असला तरी ४० वर्षें सेवा केलेल्यास तहहयात निम्मे वेतन द्यावें हा नियम त्यांत आहे. निम्म्याचें माप तेंच. वर्षें मात्र अमेरिकेनें निम्मीं केलीं. कामावर मेलेल्याच्या बायकामुलांस अन्नवेतन देण्याचा कौटिल्याचा नियम व आपल्या दप्तरांतील बालपरवेशी हीं मागील सेवेचीं वा हानीचीं भरपाई होत. अमेरिकन सवलतीचा हेतु निराळा आहे : हें काम अंगांत जोम असलेल्यांनींच करावें. म्हणूनच नोकरींत शिरण्यास सामान्यतः ३७ व्या वर्षाची मर्यादा आहे, आणि २० वर्षें भरलेल्यास ५७ व्या वर्षीं जागा सोडावीच लागते.

मध्यवर्ती प्रोबेशन अधिकारी आज या वर्गांत मोडतो. माझ्या मतें हें योग्य आहे. शिक्षेपूर्वीं आरोपीची चौकशी तोच करतो, शिक्षा झालेल्याच्या दारीं एकटा तोच जातो, अटी मोडल्याची खबर न्यायालयास तोच देतो. मध्यवर्ती परोल १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांपुरता बंद झाला, तरी तुरुंगांतून सुटलेल्यांवरील देखरेख याच अधिकाऱ्यांकडे आहे. राज्यांच्या नोकरींतील अधिकाऱ्यांचा निकाल मात्र ज्या त्या राज्याच्या कायद्यावर अवलंबून असतो. तेंच काम करणारा कोठें पोलिसांच्या पंक्तीस बसतो, कोठें कारकुनांच्या. कामाची कसोटी एकदां मान्य केली कीं हा पंक्तिप्रपंच टिकत नाहीं.

तथापि एक शंका उरते. माणूस पारखणें ही विद्या वयाबरोबर पिकते. आयुष्यभर मुलें शिकविल्यावर मला असें वाटतें कीं, द्वाड मुलाची नाडी मला पन्नाशीनंतरच नीट कळूं लागली. पोलिसाचा जोम ५७ व्या वर्षीं सरत असेल. ऑगस्टसच्या वारसाची पारख त्याच वेळीं भरास येते. तेव्हां सवलत द्यावी, पण सक्ति पुनः तपासावी. पोलीस म्हणून त्यास पोटास देतांना तो प्रथम जामीन होता, याचा विसर पडूं नये.