विधुर
'''विधुर''' म्हणजे पत्नी निवर्तलेला व पुनर्विवाह न केलेला पुरुष. संस्कृतात हे मूळचे विशेषण असून त्याचा अर्थ वियोगी, एकाकी, व्याकूळ असा व्यापक आहे. मराठीत तो पत्नीवियोगापुरता संकोचला. वि + धुर् (जू, धुरा) अशी त्याची फोड पारंपरिक कोशांत आढळते. 'विधवा' हा शब्द ऋग्वेदाइतका जुना असून लॅटिन 'विदुआ' व इंग्रजी 'विडो' हे त्याचे सगोत्र होत. पतिवाचक 'धव' शब्द बहुधा 'विधवा' ह्यावरूनच मागाहून कल्पिला गेला.

विधुरावस्था तात्पुरती मानली जाई. मनुस्मृतीचा पाचवा अध्याय पत्नीच्या अंत्यसंस्कारानंतर पुन्हा विवाह करण्यास सांगतो. पुन्हा बोहल्यावर चढणाऱ्यास मराठीत 'बिजवर' म्हणतात. देवलांच्या 'संगीत शारदा' (१८९९) नाटकातील भुजंगनाथ हा असाच वृद्ध वर. विधवाविवाहाचे पुरस्कर्ते न्या. रानडे ह्यांनीही १८७३ मध्ये, वडिलांच्या आग्रहामुळे, अकरा वर्षांच्या कुमारिकेशी लग्न केले. उलट धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९१ मध्ये पत्नी राधाबाई वारल्यावर १८९३ मध्ये गोदूबाई ह्या विधवेशी विवाह केला. गोदूबाई पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये गिरगाव चौपाटीवर काढलेल्या शारदा सदनाच्या विद्यार्थिनी होत्या.

लग्नपत्रिकेत विधवेच्या नावामागे 'गं. भा.' (गंगा भागीरथी) लागते, विधुर मात्र 'श्री.'च राहतो. एप्रिल २०२३ मध्ये 'विधवा'ऐवजी 'गंगा भागीरथी' वापरण्याच्या महाराष्ट्रातील शासकीय प्रस्तावावर टीका झाली. विधुरासाठी पर्यायी शब्द त्यात नव्हता.