हाताला काम, कानाला कादंबरी

शाळामास्तराने तंबाखूचे नाव काढायचे ते मुलांना बजावण्यापुरतेच, असा आपल्याकडे रिवाज आहे. मी तो आजवर इमानाने पाळला. विडीला मी कधी शिवलो नाही. आणि चिरूट तर आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी ओढला नसेल. तरीही फराळाच्या ताटाशेजारी बसून ह्या दिवाळीला मी चिरुटाचीच हकिकत सांगणार आहे. त्याला कारण आहे. ह्या धंद्याइतके कथा-कादंबऱ्यांवर प्रेम केलेला दुसरा हातधंदा निदान माझ्या वाचनात आलेला नाही, आणि चार कादंबऱ्या लिहून बसलेल्या माणसाला हे प्रेम दुर्लक्षिता येत नाही.

प्रथम शब्दाचे कूळ पाहू. चिरूट हा आपल्याला साहेबाचा शब्द वाटतो, पण तो मूळचा दक्षिणेकडचा. तामिळ भाषेत 'सुरुट्टु' म्हणजे गुंडाळी. त्रिचनापल्ली आणि दिंडिगल ह्या गावांनी ही गुंडाळी इतकी प्रसिद्ध केली की, १८८७ साली शेरलॉक होम्स पहिल्यांदा वाचकांसमोर आला तेव्हा त्याने खुन्याचा माग काढताना जमिनीवर पडलेल्या त्रिचनापल्ली चिरुटाची राख ओळखली! दोन्ही टोके सरळ कापलेली ती चिरूट, आणि एक टोक टोपी घातल्यासारखे बंद केलेला तो सिगार, असा भेद जाणकार करतात. आपल्या बोलीत मात्र दोघेही चिरूटच.

पान मात्र इथले नव्हे. ऑक्टोबर १४९२ मध्ये कोलंबस पलीकडच्या बेटांना लागला आणि पुढच्याच महिन्यात त्याने लुइस दे तोरेस व रोद्रिगो दे हेरेस ह्या दोघांना क्यूबा बेटाच्या आत धाडले. सोने आणि मोठा राजा शोधून यावे अशी कामगिरी होती. त्यांना भेटली ती हातात धुमसती गुंडाळी धरून धूर घेत रस्त्याने चाललेली बायामाणसे. सोने राहिले बाजूला. पुढे साऱ्या युरोपाला वेड लावणारी वस्तू त्या दोघांनी पाहिली होती, आणि तिचे मोल त्यांना तेव्हा कळले नसावे.

शंभर वर्षांत ती आपल्या दख्खनेत पोचली. अकबराचा सरदार असद बेग विजापूरला इब्राहिम आदिलशहाच्या दरबारी गेला होता. तिथे त्याने तंबाखू पाहिली, थोडी बांधून घेतली आणि १६०४ साली आग्र्याला परतल्यावर रत्नजडित नळीसह बादशहापुढे ठेवली. अकबराने दोनचार झुरके घेतले. हकीम आडवा आला: आमच्या ग्रंथांत हिचा उल्लेख नाही, हुजुरांनी घेऊ नये. असद बेगाने उत्तर दिले की, जगातली प्रत्येक चाल कधीतरी नवीच होती. वादात असद बेग जिंकला असे दिसते, कारण उमराव मंडळी त्याच्याकडे तंबाखू मागू लागली. बादशहाने मात्र ती पुढे घेतली नाही. १६१७ मध्ये जहांगीराने बंदी घातली. बंदी कागदावर राहिली आणि तंबाखू देशात राहिली. आजचे वैद्यकशास्त्र पाहता तो हकीमच शहाणा होता असे म्हणावे लागते. बिचाऱ्याने कारण तेवढे चुकीचे दिले.

आता चिरूट बनतो कसा ते पाहू. पाश्चात्त्य देशांत काही हौशी माणसे आजही सुटी पाने आणून स्वतःच्या घरी, स्वयंपाकाच्या टेबलावर चिरूट वळतात. त्यांचे काम ऐकताना मला आपल्या घरातल्या आजीबाईंची आठवण होते. तंबाखूचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये दहा हजारांहून अधिक मावते. त्यातून पुरुषभर उंचीचे झाड होते, आणि एकाच झाडाची पाने स्वभावाने वेगळी निघतात. तळाची पाने सौम्य, पण चांगली जळणारी, मधली सुगंधी, शेंड्याजवळची, भरपूर ऊन प्यालेली, जाड आणि कडक. क्यूबातले लोक त्यांना अनुक्रमे व्होलादो, सेको आणि लिहेरो म्हणतात. ह्यांचे प्रमाण जुळवणे हीच खरी विद्या. धने किती, दगडफूल किती, हे जसे प्रत्येक घरच्या गोड्या मसाल्याचे गुपित असते, तसेच हे.

पान तोडले की ते काठ्यांना टांगून सावलीत वाळवतात. दीडदोन महिन्यांत हिरव्याचे पिवळे आणि पिवळ्याचे तपकिरी होते. मग थोडी ओल देऊन ढीग रचतात. ढीग आतून तापतो, त्यातून अमोनियाचा उग्र दर्प सुटतो, पानातला तिखटपणा उतरतो. उष्णता फार वाढू नये म्हणून ढीग मोडून, वरचे खाली करून पुन्हा रचावा लागतो. त्यानंतर पाने गाठोड्यांत महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे ठेवतात. ह्या क्रियेला मराठीत इतका नेमका शब्द आहे की दुसरा शोधायला नको: पान मुरते. लोणचे मुरते, जुना तांदूळ मुरतो, तसेच ते.

वळताना तीन थर लागतात. आतले भरण, त्याला धरून ठेवणारे बांधणीचे पान, आणि सर्वांत वर देखणे, बारीक शिरांचे, रेशमासारखे वेष्टन. भरणाची पाने कडक मुठीत चुरगाळली तर धूर अडतो. सैल ठेवली तर चिरूट भरभर जळून जीभ पोळते. म्हणून पाने चुणीदार पंख्यासारखी दुमडून मध्ये हवेला वाट ठेवतात आणि सर्वांत कडक पान गाभ्यात घालतात. वेष्टनाच्या पानाची मधली शीर काढली की त्याचे डावे आणि उजवे असे दोन भाग होतात. डाव्याची गुंडाळी एका दिशेने, उजव्याची उलट दिशेने. पानाच्या शिरा पिळाच्या ओघात बसल्या पाहिजेत. अर्धचंद्राकृती पाते, लाकडी पाट आणि टोकाला लावायला चिमूटभर डिंक, एवढीच हत्यारे. नवख्याचा पहिला चिरूट बहुधा मधोमध फुगतो. मुरलेला कारागीर दिवसाकाठी शंभराच्या आसपास एकसारखे वळतो.

वळून झाले तरी हौशी माणसाने लगेच काडी ओढायची नसते. तिन्ही थरांची ओल सारखी व्हावी म्हणून चिरूट लाकडी पेटीत, दमट हवेत निजवून ठेवतात. ही पेटी आपल्या तूण वृक्षाच्या कुळातल्या एका सुवासिक लाकडाची असते. हवा फार ओली झाली तर बुरशी, फार उबदार झाली तर बारीक तपकिरी किडा. म्हणजे पाने आणल्यापासून महिने लोटतात आणि हाती येते ती तासाभरात राख होणारी वस्तू. छंद म्हणतात तो हाच: ज्यात वेळेचा हिशेब मागायला कुणी येत नाही.

परंतु इतिहासाचे पान उलटले की ह्याच घरगुती कामाचा दुसरा चेहरा दिसतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क शहराच्या कोंदट चाळींत शेकडो कुटुंबे घरातच चिरूट वळत. जिथे निजायचे तिथेच पानांचे ढीग, जिथे मूल रांगायचे तिथेच तंबाखूची धूळ. लंडनमध्ये १८५० साली जन्मलेला सॅम्युएल गाँपर्स हा तेरा वर्षांचा मुलगा १८६३ मध्ये अशाच शहरात आला आणि बापाबरोबर घरी चिरूट वळू लागला. पुढे १८८६ मध्ये अमेरिकन कामगार महासंघ उभारून अध्यक्ष झाला तो हाच. त्याच्या संघटनेच्या खटपटीने चाळींतून चिरूट करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. तरुण आमदार थिओडोर रूझवेल्ट (पुढे अमेरिकेचा अध्यक्ष) आधी कायद्याच्या विरुद्ध होता. त्या खोल्या डोळ्यांनी पाहिल्यावर बाजूने झाला. १८८५ साली मात्र न्यायालयाने कायदा रद्द ठरवला. आपल्या घरात, घराच्या मंगल वातावरणात काम करण्याचा माणसाचा हक्क हिरावला जातो, असे त्यांचे म्हणणे. घराचे मांगल्य! न्यायाधीशांनी त्या खोल्यांतली एखादी पाहिली असती तर!

आणि तरीही ह्या कारागिरांनी आपल्या कामातून एक गोष्ट अशी घडवली की तिला तोड नाही. चिरूट वळताना हात आणि डोळे गुंततात, पण यंत्राची खडखड नसते. कान मोकळे असतात. गाँपर्स सांगतो की त्यांच्या कारखान्यात एकजण वर्तमानपत्र किंवा पुस्तक वाचून दाखवी आणि त्याचा रोज बुडू नये म्हणून बाकीचे आपापल्या चिरुटांतले काही त्याच्या वाट्याला घालीत. हवानात तर ही रीतसर संस्थाच झाली. १८६५ साली 'एल फिगारो' कारखान्यात पहिला वाचक नेमला गेला. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार वर्गणी काढीत. काय वाचायचे तेही तेच ठरवीत. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. वाचन आवडले की कारागीर हातातले पाते पाटावर ठोकून शाबासकी देत.

अक्षरओळख नसलेली माणसे ह्यूगो आणि द्यूमाची पात्रे शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखी ओळखू लागली. १९३५ साली हवानात निघालेल्या एका चिरुटाचे नाव 'मॉन्तेक्रिस्तो' पडले ते ह्याच प्रेमातून, असे सांगतात.

सत्तेला मात्र हा आवाज पहिल्यापासून खुपला. वर्ष उलटण्याच्या आत, १८६६ मध्ये, स्पॅनिश गव्हर्नराने वाचन बंद पाडले. ऐकणारा माणूस विचार करू लागतो आणि विचार करणारा प्रश्न विचारतो, हे त्याला बरोबर कळले होते. क्यूबात लढाई पेटली तेव्हा असंख्य कारागीर समुद्र ओलांडून फ्लॉरिडाच्या की वेस्ट आणि टँपा गावी गेले. पाते, पाट आणि वाचक बरोबर घेऊन गेले. नोव्हेंबर १८९१ मध्ये कवी होसे मार्ती टँपाला आला आणि त्याने ह्या चिरूटवाल्यांपुढे स्वातंत्र्याची भाषणे केली. त्यांनी आपल्या मजुरीतून लढ्यासाठी पैसा उभा केला. १८९५ साली उठावाचा हुकूम क्यूबात एका चिरुटात गुंडाळून धाडला गेला, अशी आख्यायिका तिथे आजही सांगतात. मार्ती त्याच वर्षी १९ मे रोजी रणांगणावर पडला.

टँपाच्या मालकांनी १९३१ मध्ये वाचकांचे मंच काढून टाकले. कामगारांनी संप केला, तो फसला. वाचकाच्या जागी रेडिओ आला, आणि रेडिओ काय बोलणार हे ऐकणाऱ्याच्या हाती राहिले नाही. क्यूबात मात्र वाचन टिकले. २०१२ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय सांस्कृतिक वारशाचा मान दिला. टँपातल्या अशाच एका वाचकावर लिहिलेल्या निलो क्रूझ ह्यांच्या नाटकाला २००३ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

वाचकहो, हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे म्हणून उठू नका. आपल्याकडे चिरुटाची धाकटी बहीण आहे, विडी. विदर्भातल्या जंगलातले तेंदूपान, निपाणीकडची तंबाखू, आणि सिन्नर-सोलापूरकडच्या बायांची बोटे, अशी तिची घडण. १९६६ साली आपल्या संसदेने केलेल्या कायद्याच्या नावातही विडी आणि सिगार कामगार शेजारी शेजारी बसले, आणि घरी बसून वळणारी बाईदेखील कामगारच, हे त्या कायद्याने मान्य केले. सोलापुरात विडी कामगार बायांनी संघटनेच्या बळावर गोदावरी परुळेकरांच्या नावाने दहा हजार घरांची वसाहत उभी केली. २००६ मध्ये ती घरे त्यांच्या हाती आली.

माझ्या वर्गातल्या पुष्कळ मुलांच्या आया विडी वळतात. मांडीवर सूप, सुपात पाने आणि तंबाखू, दोरा बोटाला. हजारावर मजुरी, आणि वाकडी विडी बाजूला पडली की तिचे पैसे गेले. बोटांना कायमचा रंग, छातीत खोकला. परदेशातला हौशी माणूस जे काम मौजेसाठी करतो तेच हे. फरक एवढाच की त्याला थांबता येते. तंबाखूने तोंडाचे आणि घशाचे कर्करोग होतात, हे आता शाळकरी पोरही जाणते. हे काम एक दिवस संपावे असेच मला वाटते. पण त्याआधी ह्या बायांच्या हातांना दुसरे काम मिळाले पाहिजे, नाहीतर आपले आरोग्यज्ञान त्यांच्या चुलीत पाणी ओतणारे ठरेल.

तोवर एक गोष्ट मात्र करण्याजोगी आहे, आणि ती माझ्या काही विद्यार्थ्यांनी आपण होऊन सुरू केली आहे. संध्याकाळी आईच्या सुपाशेजारी बसून ती धडा मोठ्याने वाचतात. आरंभी पाठांतरासाठी वाचीत, आता आया विचारतात, "पुढं काय झालं रं त्या पोराचं?" धडा संपला म्हणून मुले शाळेच्या कपाटातली गोष्टींची पुस्तके मागायला येतात. हवानाच्या त्या वाचकाचे नाव त्यांना ठाऊक नाही, त्याच्या पगाराची वर्गणीही इथे कुणी काढीत नाही. पण एका पानाची ओढ दुसऱ्या पानाला लागते ती अशीच. ह्या दिवाळीला तुमच्या घरी हा अंक वाचून झाला की रद्दीत घालू नका. जिथे हात गुंतलेले आणि कान मोकळे आहेत, अशा एखाद्या घरी तो पोचवा.