चाके कोणाची थांबली?

महामारीत देशाची वाहतूक ठप्प झाली, असे उद्याचा इतिहासकार लिहील. हे विधान मला मान्य नाही. चाके थांबली ती माणसांची. मालाची चाके फिरतच होती.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून निघाली, गिरण्यांना हात मिळेनात. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा आला. रेल्वेच्या उतारूला तपासण्याचा आणि अलग ठेवण्याचा अधिकार सरकारने त्यात घेतला. अडकलेल्याची बुडालेली मजुरी भरून देण्याचे बंधन मात्र कोणावर घातले नाही.

मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने हाच कायदा पुन्हा हाती घेतला. 22 मार्चपासून देशभर प्रवासी गाड्या थांबल्या. मालगाड्या धावत राहिल्या. रेल्वेचे प्रवासी उत्पन्न 2019-20 मध्ये सुमारे 50 हजार कोटी रुपये होते. पुढल्या वर्षी ते सुमारे 15 हजार कोटींवर आले. त्याच वर्षी मालवाहतूक मात्र वाढून 123 कोटी टनांवर गेली. रेल्वेचा तोटा रेल्वेच्या वहीत नोंदला गेला. मजुराचा तोटा कोणत्या वहीत आहे?

1 मेपासून श्रमिक गाड्या सुरू झाल्या. तरीही जालन्याच्या पोलाद कारखान्यातले मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे रुळांवरून पायी निघाले आणि थकून रुळांवरच झोपले. 8 मेच्या पहाटे करमाडजवळ मालगाडीने त्यांतील 16 जणांना चिरडले. बहुतेक आदिवासी होते. माणसांची गाडी त्यांना मिळाली नाही. मालाची गाडी मात्र वेळेवर आली.

मुंबईत लोकल बंद होती, पण झाडू थांबला नव्हता. तो झाडू बहुतांशी आपल्याच माणसांच्या हातात आहे. 15 जूनला लोकल उघडली ती फक्त अत्यावश्यक सेवेसाठी. ज्याचे श्रम हवे, त्यालाच डब्यात जागा. म्हणजे माणूसही मालासारखाच मोजला गेला.

म्हणून विद्यार्थी-कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आपापल्या वस्तीत जा. कोण किती मैल चालले, ट्रकवाल्याला किती पैसे दिले, किती दिवसांचा रोज बुडाला, कर्ज किती झाले, ते विचारून लिहून काढा. ही वही आपण भरली नाही, तर 1897 प्रमाणे याही वेळी हिशेब फक्त मालकाचाच उरेल.