मढीच्या गडाचे दगड कोणी वाहिले?

वर्गणी, चंदा, देणगी, दान, सदका, जकात, मूठ. देण्याला मराठीत आणि आमच्या घरातल्या बोलीत जितके शब्द आहेत, तितके घेण्याला नाहीत. तरीही आमच्याकडची बहुतेक सार्वजनिक कामे देण्याच्या बाजूने अडत नाहीत, घेण्याच्या बाजूने अडतात. मस्जिदीच्या मिनाराला पैसा येतो, मदरशाला येतो, वसतिगृहाला थोडा उशिराने का होईना येतो. पण पाच वर्षांनी पाहावे, तर देणारे बदललेले असतात, राबणारे पांगलेले असतात आणि पावतीपुस्तक घेऊन फिरणारा एकटा सेक्रेटरी उरलेला असतो. देणारा टिकवायचा कसा, राबणारा जपायचा कसा, यावर आजकाल शिबिरे भरतात. आम्ही मात्र हा प्रश्न घेऊन पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या गडावर जाणार आहोत, कारण तिथे हे नाते जवळजवळ तीनशे वर्षे टिकून आहे.

मढी गर्भगिरीच्या डोंगररांगेत आहे. गडावर कानिफनाथांची समाधी. याच स्थानाला शाह रमजान माही सवार यांचा दर्गा मानणारी परंपराही जुनी आहे. इंग्रजांनी १८८४ साली छापलेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटियरात ही दोन्ही नावे येतात आणि यात्रेला हिंदू व मुसलमान दोघेही येतात, अशी नोंद आहे. माही सवार म्हणजे माशावर स्वार झालेला. गोदावरी माशाच्या पाठीवरून ओलांडली म्हणून हे नाव पडले, अशी कथा सांगतात. समाधी कोणाची, या वादात आम्हांला येथे शिरायचे नाही. तो वाद न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांत पुरेसा गाजतो. आम्हांला गडाच्या दगडांविषयी बोलायचे आहे.

गडाचे बांधकाम साधारण १७३० च्या सुमारास झाले, असे मानतात. शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटावेत म्हणून येसूबाईंनी नवस केला होता आणि तो फेडण्यासाठी हे काम झाले, अशी परंपरा आहे. पैसा देणाऱ्यांत पिलाजी गायकवाड, चिमाजी सावंत अशा सरदारांची नावे घेतली जातात. ती इतिहासात नोंदली गेली. आमचे लक्ष मात्र दुसऱ्या यादीवर आहे. ती कागदावर नव्हती, लोकांच्या तोंडी होती. गोपाळांनी अवजड दगड डोंगरावर चढवले. बेलदारांनी ते घडवले. घिसाड्यांनी लोखंडकाम केले. कैकाड्यांनी माती वाहायच्या टोपल्या विणल्या. वैदूंनी जखमी मजुरांना झाडपाला लावला. कोल्हाट्यांनी दमलेल्या माणसांपुढे खेळ केले. या शेवटच्या दोन नोंदी आम्हांला फार मोलाच्या वाटतात. औषध देणारा आणि मन रिझवणारा हेसुद्धा बांधकामात धरले गेले. आजच्या किती संस्था आपल्या कार्यक्रमात चहा करणाऱ्याचे नाव घेतात?

या राबणाऱ्यांना मजुरी किती मिळाली, हे परंपरा सांगत नाही. परंपरा सांगते ती मानाची गोष्ट. ज्याने जे काम केले, त्याला त्याबद्दल यात्रेत मान मिळाला आणि तो मान वंशपरंपरेने चालू राहिला. राज्यात सगळीकडे होळी पेटते त्याच्या पंधरवडाभर आधी मढीत होळी पेटते आणि ती पेटवण्याचा मान गोपाळ समाजाचा. मानकऱ्यांना देवस्थानाकडून मानाच्या गोवऱ्या दिल्या जातात. वर्षभर महाराष्ट्रभर पाल ठोकत हिंडणारा माणूस त्या दिवशी हटकून मढीत पोहोचतो, कारण त्याच्यावाचून तिथे होळी पेटत नाही. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ते यामुळेच. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते, रंगपंचमीला मोठी गर्दी होते, गाढवांचा बाजार भरतो. पूर्वी भटक्यांच्या जातपंचायतीही येथेच भरत. ज्यांना गाव नव्हते, त्यांना वर्षातून एकदा हक्काचे ठिकाण मिळाले.

येथे जरा थांबून पाहिले पाहिजे. सरदारांनी पैसा दिला. त्यांचे वंशज आज मढीला कोणत्या नात्याने येतात, हे कोणी विचारत नाही. गोपाळांनी पाठ दिली. त्यांचे वंशज येतात. आभार एकदा मानले की नाते फिटते. मानाचे तसे नसते, तो दर वर्षी नव्याने द्यावा लागतो आणि घेणाऱ्यालाही दर वर्षी यावे लागते. शिवाय मान देणाऱ्याला एक कबुली द्यावी लागते : हे काम तुमच्यावाचून झाले नसते, आजही होणार नाही. आमच्या कमिट्यांना नेमकी हीच कबुली जड जाते.

अर्थात मढीच्या मानाचे गोडवे गाताना भान सोडता कामा नये. मानावरून भांडणे झाली आहेत, होळी पोलीस बंदोबस्तात पेटवावी लागली आहे. आणि होळीचा मान मिळाला म्हणून गोपाळांना जमीन मिळाली नाही, घर मिळाले नाही, शाळेचा दाखलासुद्धा सहज मिळाला नाही. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने २००८ साली अहवाल दिला, त्यातही हीच व्यथा आहे. एक दिवसाचा मान आणि तीनशे चौसष्ट दिवसांची उपेक्षा, हा सौदा कोणत्याही संस्थेने आपल्या कार्यकर्त्याशी करू नये.

मान आणि शिक्षण यांची गाठ घालणारी माणसे पुढे विसाव्या शतकात आली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. वसतिगृहातल्या मुलांना जेवू घालायला पैसा नव्हता, तेव्हा मुष्टिफंड उभा राहिला. घरातल्या बाईने दळणाआधी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते संस्थेला द्यायचे. मूठभर धान्याने वसतिगृहाचा हिशेब किती सावरला, हे बाजूला ठेवू. पण ज्या बाईच्या नावावर जमीन नव्हती, जिच्या हाती रोकड नव्हती, ती रोज सकाळी देणगीदार झाली. तिला शाळा आपली वाटली. लक्ष्मीबाई पाटलांनी अंगावरचे दागिने मोडून मुलांना जेवू घातले, हे सर्वांना ठाऊक आहे. रयतच्या घडणीत आपल्या समाजातल्या माणसांचाही हात होता. साताऱ्याचे इस्माईलसाहेब मुल्ला विधी महाविद्यालय ते नाव आजही बाळगून आहे.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली मुसलमानांच्या शिक्षणासाठी संस्था उभी करवली आणि तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले. राजाने पैसा दिला असता तरी चालले असते. त्याने आपले नाव आणि वेळही गुंतवला. खुद्द पाथर्डीत १९२३ साली श्री तिलोक जैन विद्यालय सुरू झाले. याच तालुक्यातल्या चिचोंडीत जन्मलेल्या आनंदऋषीजींची प्रेरणा त्यामागे होती. दुष्काळी तालुका, ऊसतोडीला बाहेर पडणारी माणसे, आणि त्या गावात समाजाच्या देणगीवर उभी राहिलेली शाळा. आज तिथे सर्व जातिधर्मांची मुले शिकतात.

आमच्याकडे जकातीचा चाळिसावा हिस्सा ठरलेला आहे, वक्फाची चौकट शतकांची आहे. देण्याचे शास्त्र आमच्याइतके रेखीव क्वचितच कोणाकडे असेल. मात्र रमजानात दारावर येणारा माणूस शव्वालमध्ये दिसत नाही. ज्या मुलाला त्या पैशातून पुस्तके मिळाली, तो मुलगा देणाऱ्याला कधीच भेटत नाही. गुप्त दानाचे मोल आम्ही जाणतो. डाव्या हाताला कळू नये हे खरेच. पण हिशेब गुप्त ठेवा, असे कोणी सांगितलेले नाही. आणि मोहल्ल्यातली जी पोरे उरुसात, पुरात, साथीत रात्ररात्र राबतात, त्यांना कमिटीच्या बैठकीत सतरंजी अंथरण्यापलीकडे काय काम मिळते?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेने यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत, असा ठराव केला. यात्रेच्या काळात गाव काही व्रते पाळते, तळण टाळते, लग्ने करीत नाही, पलंगावर झोपत नाही. बाहेरचे व्यापारी ती पाळत नाहीत, असे कारण पुढे आले. गटविकास अधिकाऱ्यांनी तो ठराव थांबवला. कायद्याची बाजू कायदा पाहील. आम्हांला त्या ठरावात दगड वाहणाऱ्यांची ती तोंडी यादी आठवत राहिली. तिच्यात गोपाळ आहेत, कैकाडी आहेत, वैदू आहेत. बांगड्या घेऊन पालखीमागे चालणारा, रेवड्या विकणारा, यात्रेत जागेचे भाडे वर्षानुवर्षे भरणारा मणियार किंवा तांबोळी त्या यादीत कुठे आहे? माही सवारांच्या नावाने माथा टेकणारी माणसे कुठे आहेत? त्यांनी काही दिले नाही असे नाही. त्यांच्या देण्याची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांनी स्वतःही ठेवली नाही. नोंद नसली की पिढ्यान्‌पिढ्यांचा सोबती एका ठरावात बाहेरचा ठरतो.

म्हणून पाथर्डी, तिसगाव, शेवगाव, नेवासे इथल्या आमच्या वाचकांना एक विनंती आहे. घरात आजोबांच्या काळातली यात्रेच्या जागेची पावती असेल, दुकानाचा जुना फोटो असेल, गडावर दिलेल्या देगेची, दिव्याच्या तेलाची आठवण असेल, तर ती लिहून ठेवा. गोपाळ, वैदू, मदारी, दरवेशी यांच्या म्हाताऱ्या माणसांनाही विचारा. पालातली माणसे कागद बाळगत नाहीत, पण कोणाचे दुकान कोणाच्या शेजारी लागत असे, कोणाकडे उधारी चाले आणि पावसात कोणी कोणाला ताडपत्री दिली, हे त्यांना पक्के आठवते. पुढची होळी येईल तेव्हा मानाच्या गोवऱ्या घ्यायला ती मढीत येतीलच. तिथेच त्यांची गाठ घ्यावी.