अदृश्य दोराचे दुसरे टोक : ‘कनेक्टेड कार’चा इतिहास

१/१५
१७ जून १९४६. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात एका मोटारीतून दूरध्वनी केला गेला आणि बेल कंपनीच्या फिरत्या दूरध्वनी सेवेचा आरंभ झाला. यंत्राचे वजन सुमारे ३६ किलो. बोलताना बटण दाबून धरायचे, ऐकताना सोडायचे. जोडणी ऑपरेटरने करून द्यायची. अख्ख्या शहरात एका वेळी जेमतेम तीन संभाषणे चालू शकत. तरीही त्या दिवशी खासगी मोटारीला बाहेरच्या जगाशी बांधणारा एक अदृश्य दोर अस्तित्वात आला होता. आज जगात विकल्या जाणाऱ्या बहुसंख्य नव्या मोटारी अशा दोराने बांधलेल्या असतात. हा दोर कसा वळला गेला आणि त्याचे दुसरे टोक कुणाच्या हाती गेले, याचा हा मागोवा.

२/१५
पुढची वीस वर्षे हा दोर माणसांच्या बोलण्यापुरताच होता. गाडीलाच बाहेरून काही कळावे, ही कल्पना जनरल मोटर्सच्या संशोधकांनी १९६६ मध्ये ‘डेअर’ या नावाने मांडली. प्रवासाचा मार्ग छिद्रे पाडलेल्या कार्डावर नोंदवायचा, रस्त्यात पुरलेल्या चुंबकांनी गाडीला वळणे सुचवायची आणि संकटसमयी रेडिओवरून मदत केंद्राशी संपर्क साधायचा, अशी ती योजना होती. प्रयोगापलीकडे ती गेली नाही. चौकाचौकांत चुंबके पुरल्याखेरीज तिचा उपयोग नव्हता. रस्ता सरकारचा आणि गाडी खासगी, मग हा खर्च कुणी उचलायचा? जोडणीच्या खर्चाचा आणि मालकीचा प्रश्न असा अगदी पहिल्याच पावलावर उभा राहिला होता.

३/१५
मग अभियंत्यांनी रस्त्याचा नाद सोडून गाडीलाच दिशाज्ञान द्यायचे ठरवले. १९८१ मध्ये होंडाने जपानमध्ये ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ आणले. त्यात उपग्रहाचा संबंध नव्हता. वायूच्या झोतावर चालणारा जायरोस्कोप गाडीचे वळण मोजी, चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर कळे आणि पडद्यावरील पारदर्शक नकाशावर गाडीची खूण सरके. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियातील इटॅक कंपनीने नकाशे कॅसेटवर भरून विकले. ही यंत्रे ओबडधोबड होती, पण त्यांचा एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. गाडी कुठे आहे, हे ती फक्त चालकाला सांगत. बाहेरच्या कुणालाही त्याचा थांगपत्ता लागत नसे.

४/१५
याच सुमारास आकाशातून दुसरा धागा येत होता. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअर लाइन्सचे ००७ क्रमांकाचे विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले आणि सोव्हिएत लढाऊ विमानाने ते पाडले. २६९ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या सरकारने, मुळात लष्करासाठी उभारली जाणारी जीपीएस प्रणाली नागरी वापरासाठीही खुली राहील, असे जाहीर केले. १९९० मध्ये माझ्दाच्या ‘युनोस कॉस्मो’ या गाडीत जीपीएसवर चालणारा मार्गदर्शक बसवला गेला आणि १९९५ मध्ये ही प्रणाली पूर्ण क्षमतेने सुरू झाली. मात्र जीपीएसचा संच केवळ ऐकतो, तो उपग्रहाला काहीही कळवत नाही. गाडीचा ठावठिकाणा इतरांना कळायचा, तर त्याला दूरध्वनीची जोड हवी.

५/१५
तिसरा धागा गाडीच्या पोटात विणला गेला. इंजिन, ब्रेक, एअरबॅग अशा प्रत्येक भागात छोटे संगणक येऊ लागले आणि त्यांच्यातील तारांचे भेंडोळे आवरेनासे झाले. फेब्रुवारी १९८६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने डेट्रॉइटमधील अभियंत्यांच्या परिषदेत ‘कॅन’ ही पद्धत मांडली. तिच्यात तारांच्या एकाच जोडीवरून सारे भाग परस्परांशी बोलू शकत. या संभाषणात संदेश कशाविषयी आहे हे कळे, पण तो कुणी पाठवला याची शहानिशा होत नसे. तशी गरजही कुणाला वाटली नाही, कारण गाडीच्या बंद पोटात परका शिरणार कोठून? या विश्वासाची किंमत जवळजवळ तीस वर्षांनी मोजावी लागली.

६/१५
फेब्रुवारी १९९६ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात हे तीनही धागे एकत्र वळले गेले. जनरल मोटर्सने ईडीएस आणि ह्यूज इलेक्ट्रॉनिक्स यांच्या साथीने ‘ऑनस्टार’ ही सेवा जाहीर केली आणि ती प्रथम १९९७ च्या कॅडिलॅक मोटारींसाठी उपलब्ध झाली. अपघातात एअरबॅग फुगली, की गाडी आपण होऊन सेवा केंद्राशी संपर्क साधी. जीपीएसवरून ठिकाण कळे आणि केंद्रातील कर्मचारी चालकाशी बोलून मदत धाडी. फोर्डनेही त्याच वर्षी लिंकन कॉन्टिनेंटल या गाडीत संकटकाळी मदत मागण्याची अशीच सोय आणली. निर्जन रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी गाडीने स्वतः हाक मारावी, ही सोय खरोखर मोलाची होती. पुढचा सारा इतिहास वाचताना हे विसरता कामा नये.

७/१५
या सेवेने मोटार व्यवसायाचे एक जुने गणितही बदलले. तोवर गाडी विकली, की दुरुस्ती आणि सुटे भाग वगळता कंपनीचा ग्राहकाशी संबंध संपे. आता दरमहा वा दरसाल वर्गणी येऊ लागली आणि विकून झालेली गाडीही कंपनीच्या नजरेच्या टप्प्यात राहू लागली. काही काळ अ‍ॅक्युरा, ऑडी, सुबारू अशा प्रतिस्पर्धी नाममुद्रांनीही ऑनस्टारची सेवा आपल्या काही गाड्यांत घेतली. गाडीची किंमत मालकाने एकदाच मोजली होती. दोराचे भाडे मात्र चालू राहणार होते आणि दोर तोडण्याचा वा ताणण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती उरला नव्हता.

८/१५
या बदलाचा अर्थ २००३ मध्ये न्यायालयात उघड झाला. चोरीची गाडी शोधता यावी, म्हणून अशा एका सेवेत गाडीतील ध्वनिग्राहक दुरूनच चालू करण्याची सोय होती. एफबीआयने तीच सोय वापरून एका गाडीतील संभाषण चोरून ऐकण्याचा आदेश मिळवला. कंपनी अपिलात गेली. निकालपत्रात तिचे नाव न देता केवळ ‘द कंपनी’ असा उल्लेख आहे. नवव्या विभागीय अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने आदेश चुकीचा ठरवला. त्याचे कारण मात्र चकित करणारे आहे. चोरून ऐकणे चालू असताना ग्राहकाची संकटकाळची सेवा बंद पडत होती आणि कायद्याला सेवेत एवढा व्यत्यय मान्य नव्हता. सेवा अबाधित ठेवून ऐकता आले असते तर काय झाले असते, हा प्रश्न मागे उरलाच.

९/१५
दुसरा धडा २००८ च्या आरंभी मिळाला. ऑनस्टारची सुरुवातीची यंत्रे अ‍ॅनालॉग भ्रमणध्वनीच्या जाळ्यावर चालत. अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने २००२ मध्येच ठरवले होते, की १८ फेब्रुवारी २००८ नंतर हे जाळे चालू ठेवण्याचे बंधन भ्रमणध्वनी कंपन्यांवर राहणार नाही. त्यामुळे ज्या गाड्यांत डिजिटल यंत्र बसवणे शक्य नव्हते, त्यांची सेवा संपली. इंजिन उत्तम, चाके उत्तम, पण अपघातात हाक मारणारे यंत्र मुके. काही मालक न्यायालयात गेले. २०२२ मध्ये अमेरिकेतील थ्री-जी जाळी बंद झाली, तेव्हा अनेक कंपन्यांच्या गाड्यांवर पुन्हा हीच वेळ आली. गाडीचे आयुष्य पंधरा-वीस वर्षांचे, पण तिच्या हयातीतच जाळे बंद पडू शकते. हा मेळ आजही बसलेला नाही.

१०/१५
आता दोर खेचताही येऊ लागला. २००९ च्या मॉडेलांपासून जनरल मोटर्सने चोरीस गेलेल्या गाडीचा वेग पोलिसांच्या विनंतीवरून दुरूनच कमी करण्याची सोय दिली. भरधाव पाठलागांत निरपराधांचे जीव जात, त्यामुळे या सोयीचे स्वागत झाले. मात्र सप्टेंबर २०११ मध्ये ऑनस्टारने ग्राहकांना कळवले, की वर्गणी थांबवल्यानंतरही, ग्राहकाने जोडणी तोडण्यास सांगितले नाही, तर गाडीकडून माहिती येत राहील. अमेरिकी सिनेटरांनी जाहीर आक्षेप घेतला आणि काही दिवसांतच कंपनीने हा बेत मागे घेतला. ग्राहक सेवा सोडतो, पण दोर त्याला सोडत नाही, हे मात्र तेव्हा प्रथमच सर्वांना दिसले.

११/१५
गाडीच्या पोटातील त्या जुन्या विश्वासाकडे आता वळू. २०१० आणि २०११ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठ आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो शाखेतील संशोधकांनी दाखवून दिले, की भ्रमणध्वनीच्या जोडणीतून गाडीत शिरून तिच्या यंत्रणांवर ताबा मिळवता येतो. उद्योगाने ते फारसे मनावर घेतले नाही. मग जुलै २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक यांनी घरात बसून, महामार्गावर धावणाऱ्या एका जीप चेरोकीची गती तोडली. गाडीत पत्रकार अँडी ग्रीनबर्ग होता. प्रयोग त्याच्या संमतीने चालला होता, पण ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी पुढे जाईना. फियाट क्रायस्लरने काही दिवसांतच १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्याचे जाहीर केले. हे घडले ते शहर होते सेंट लुईस. १९४६ मध्ये मोटारीतून पहिली हाक बाहेर गेली होती, तेच.

१२/१५
युरोपने वेगळी वाट धरली. ३१ मार्च २०१८ पासून युरोपीय संघात नव्याने मान्यता मिळणाऱ्या मोटारींच्या प्रकारांना ‘ई-कॉल’ सक्तीचे झाले. मोठा अपघात होताच गाडी ११२ या क्रमांकावर संपर्क साधते आणि ठिकाण, वेळ, दिशा अशी मोजकी माहिती पाठवते. एरवी ही यंत्रणा निद्रिस्त असावी आणि गाडीचा सतत माग काढू नये, अशी अट कायद्यातच आहे. या सेवेला वर्गणी नाही. ऑनस्टारचेच वचन येथे व्यापाराऐवजी कायद्याने पाळले गेले. तरीही जाळ्याचा प्रश्न येथेही सुटला नाही. ई-कॉल जुन्या टू-जी आणि थ्री-जी जाळ्यांवर बेतलेले होते आणि ती जाळी बंद होऊ लागल्यावर नियम नव्याने लिहावे लागले.

१३/१५
दरम्यान दोरातून वाहणारा माल बदलला होता. सुरुवातीला हाक, मग ठिकाण, आणि आता चालकाच्या सवयी. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने उघड केले, की जनरल मोटर्सच्या गाड्यांतून जमलेली माहिती लेक्सिसनेक्सिस आणि व्हेरिस्क या कंपन्यांमार्फत विमा कंपन्यांपर्यंत पोहोचत होती. कुठे जोरात ब्रेक दाबला, कुठे वेग एकदम वाढवला, याची ती नोंद होती. एका मालकाच्या हाती पडलेला अहवाल २५८ पानांचा होता. जनरल मोटर्सने हे वाटप थांबवले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने प्रस्तावित आदेशाद्वारे, ग्राहकांचे अहवाल विकणाऱ्या संस्थांना अशी माहिती देण्यास पाच वर्षांची बंदी सुचवली. आयोगाच्या तक्रारीनुसार काही गाड्यांचे ठिकाण दर तीन सेकंदांनी नोंदले जात होते.

१४/१५
हा प्रवाह भारतातही पोहोचला आहे. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठीचे ‘एआयएस १४०’ हे मानक पुण्याच्या ‘एआरएआय’ या संस्थेने प्रसिद्ध केले. त्यानुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्याने नोंदणी होणाऱ्या बस आणि टॅक्सींना ठिकाण कळवणारे यंत्र आणि संकटकाळचे बटण आवश्यक झाले. त्याच वर्षी ह्युंदाई व्हेन्यू आणि एमजी हेक्टर या गाड्या ‘कनेक्टेड’ म्हणून बाजारात गाजल्या. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. म्हणजे दोर आणि कायदा आपल्याकडे अल्प अंतराने आले. अमेरिकेला ही संधी मिळाली नव्हती.

१५/१५
या ऐंशी वर्षांचा आढावा घेतला, तर एक क्रम पुनःपुन्हा दिसतो. प्रत्येक जोडणी एखाद्या खऱ्या गरजेपोटी आली : अपघातात मदत मिळावी, चोरीची गाडी सापडावी, पाठलागात जीव जाऊ नयेत. ती गरज खोटी नव्हती. पण बांधलेला दोर त्या गरजेपुरता राहिला नाही आणि त्याच्या दुसऱ्या टोकाचे नियम नेहमी मागाहून, कुणाचे तरी नुकसान झाल्यावर लिहिले गेले. याला अपवाद ठरला तो ई-कॉल, कारण तेथे यंत्राने केव्हा गप्प बसावे हेही आधीच ठरवले गेले होते. तेव्हा मित्रहो, घरात अशी गाडी असेल, तर तिच्या अ‍ॅपमधील करार एकदा उघडून पाहा. कोणती माहिती जाते, कुणाकडे जाते आणि वर्गणी थांबल्यावर काय होते, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात सापडतात का, तेवढे अवश्य कळवा.