तंबूतला सिनेमा आणि आपल्या आया

आज आपल्या आया-आज्यांनी सिनेमा कसा पाहिला, ते आठवू या.

त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला. ३ मे १९१३ ला तो मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात लागला. त्यातली तारामती साळुंके नावाच्या पुरुषानं केली, कारण सिनेमात काम करायला बाई मिळेना. त्यांच्या पुढच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी कामं केली. बाई पडद्यावर आली. पण पडद्यासमोर बसायला खेड्यातल्या बाईला फार वाट बघावी लागली.

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले. आमच्या गावात थिएटर नव्हतं. पुसेगावला सेवागिरी महाराजांची यात्रा भरली, की ट्रकमधून तंबू, मशीन आणि रिळांचे डबे यायचे. दिवसा कर्ण्यावरून सिनेमाचं नाव पुकारायचे. अंधार पडला की खेळ सुरू. खाली माती, वर कापड. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मधे कनात. मशीन एकच, म्हणून रीळ बदलताना खेळ थांबायचा. रीळ तुटलं की पुरुषांकडून शिट्ट्या आणि आमच्याकडून गप्पा.

'जय संतोषी माँ' हा १९७५ चा सिनेमा. आमच्या यात्रेत तो दोनेक वर्षांनी आला. एरवी आईला सिनेमाचं नाव काढायची सोय नव्हती. त्या दिवशी ती आजीला म्हणाली, "आत्याबाई, देवाचं हाय. पोरीला घेऊन जाऊन येते." आजी गप्प राहिली. तोच होकार समजून आम्ही निघालो. तिकिटाचे पैसे आईनं अंडी विकून डब्यात साठवले होते.

तंबूत बायकांनी चपला बाहेर काढल्या होत्या. देवी दिसली की हात जोडले जायचे, कुणी पडद्याकडे फुलं टाकायचं. पण मला आठवतं ते वेगळंच. पहिलं रीळ संपलं, दिवा लागला, आणि आई एकदम उठली. चार बायकांपलीकडे माझी मावशी बसली होती. दोघींची दोन वर्षांत भेट नव्हती. पुढचा सिनेमा त्या दोघींनी पाहिलाच नाही. एकमेकींचे हात धरून बोलत बसल्या. घरी आल्यावर आजीनं गोष्ट विचारली, तेव्हा ती मीच सांगितली.

१९८७ साली दूरदर्शनवर 'रामायण' सुरू झालं. ज्याच्या घरी टीव्ही, तिथं गाव जमायचं. मग घरोघरी टीव्ही आले आणि तंबू कमी होत गेले. सिनेमा घरात आला, ही सोयच झाली. पण घराबाहेर पडायचं, चार बायकांत बसायचं, बहीण भेटायची, ते निमित्त गेलं.

आज आपल्याला ते निमित्त बचत गटाच्या बैठकीनं दिलं आहे. पुढच्या बैठकीत गावातल्या एखाद्या आजीला बोलवा. पहिला सिनेमा कोणता, एवढंच विचारू नका. परवानगी कुणी दिली, पैसे कुठून आणले, शेजारी कोण बसलं होतं, तेही विचारा. आणि ती सांगेल ते वहीत लिहून ठेवा. माझ्या आईला मी हे विचारलं नाही. आता विचारायला ती नाही.