एफ-११७ : गोपनीयता, अफवा आणि निवृत्तीनंतरचा वापर
रडारला सहजासहजी न सापडणाऱ्या अमेरिकी एफ-११७ विमानाचे पहिले उड्डाण १८ जून १९८१ रोजी झाले. शासनाने त्याचे अस्तित्व मात्र नोव्हेंबर १९८८ मध्ये मान्य केले. मधल्या मौनात अफवा फोफावल्या. १९८६ साली तर ‘एफ-१९’ या कल्पित विमानाची प्रतिकृती बाजारात आली. मूळ विमानाशी तिचे साम्य नव्हते.

एप्रिल २००८ मध्ये ही विमाने निवृत्त होऊन नेवाडातील टोनोपा येथे ठेवण्यात आली. तरीही ती आकाशात दिसल्याच्या वार्ता येत राहिल्या. या वेळी त्या खऱ्या ठरल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये फ्रेस्नो येथील सरावातील त्यांचा सहभाग अधिकृतपणे जाहीर झाला.

तात्पर्य, अभ्यासकाने अफवेला पुरावा मानू नये. तसेच ‘निवृत्त’ ही शासकीय नोंदही अंतिम समजू नये.